वर्षं कापायची तर नेमकी कुठली?

माण तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षकांनी विचारलंय: "मुलगी यंदा नीटची तयारी करतेय. एम.बी.बी.एस. साडेपाच वर्षं, पुढे पी.जी. तीन वर्षं, म्हणजे तिशी उजाडणार. बी.एस्सी. तीन वर्षांत होते, इंजिनिअर चार वर्षांत होतो, मग डॉक्टरलाच एवढा वेळ कशाला? कोर्स चार वर्षांवर आणला तर आमच्या पी.एच.सी.लाही, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रालाही, डॉक्टर मिळेल ना? तिथली खुर्ची कित्येक महिने रिकामी आहे."

गुरुजी, आधी माझं सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी 1980 च्या दशकात मिरजेत शिकलो, मेडिसिनमध्ये एम.डी. केलं, बारा वर्षं एका मेडिकल कॉलेजात शिकवलं आणि आता सांगलीत विश्रामबागेत माझा दवाखाना आहे. शिकवणं सुटलं तरी इंटर्न आणि रेसिडेंट (वॉर्डात काम करत पी.जी. शिकणारी) पोरं अजून येऊन बसतात. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या कुठल्याही समितीवर मी कधी नव्हतो. त्यामुळे पुढचं सगळं वॉर्डात उभं राहून जेवढं दिसतं तेवढंच.

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. अभ्यासक्रमात कापण्यासारखं काही आहे का, मुलीची उमेदीची वर्षं कशी वाचतील, आणि गावाला डॉक्टर कसा मिळेल. पहिल्याचं उत्तर: आहे, बरंच आहे. दुसऱ्याचं उत्तर अभ्यासक्रमात कमी आणि त्याच्या बाहेर जास्त सापडतं. तिसऱ्याचा कोर्सच्या लांबीशी लोकांना वाटतो तेवढा संबंध नाही. तिन्ही एकत्र बांधले की "वर्षं कमी करा" एवढीच घोषणा उरते, म्हणून सुटे करून बोलतो.

लोकांना वाटतं हा कोर्स इंग्रजांच्या काळापासून जसाच्या तसा चालत आलाय. साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप हा सांगाडा जुना आहे खरा, पण आतल्या भिंती सरकत आल्यात. आमच्या वेळी दीड-दीड वर्षाचे तीन टप्पे होते. पहिलं दीड वर्ष अ‍ॅनॅटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. डिसेक्शन हॉलमध्ये एका टेबलाभोवती आम्ही दहा-बारा जण, फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरायचे, आणि एकटा हात संपवायला महिनेच्या महिने जायचे. 1997 च्या नियमांनी हा टप्पा एका वर्षावर आणला आणि वाचलेले सहा महिने शेवटच्या, म्हणजे पेशंट बघण्याच्या टप्प्याला जोडले. मग 2019 च्या तुकडीपासून 'कॉम्पिटन्सी बेस्ड' अभ्यासक्रम आला, म्हणजे ठरावीक कौशल्यं करून दाखवण्यावर भर देणारा. त्यात पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी आणि फार्माकॉलॉजीचं दीड वर्ष साधारण एका वर्षावर आलं. म्हणजे कात्री आधीच दोनदा चाललीय, फक्त एकूण बेरीज तीच राहिली म्हणून बाहेरच्यांना कळलं नाही.

पहिली कपात मला मान्य आहे. तेव्हा आमच्या सरांनी आकाशपाताळ एक केलं होतं, की आता मुलांना अ‍ॅनॅटॉमी येणार नाही. हातातली प्रत्येक बारीक नस कुठून निघते आणि कुठे जाते हे सर्जनला लागतं, तो ते पुढे पुन्हा शिकतोच. मला फिजिशियन म्हणून त्यातलं फार थोडं लागलं. दुसऱ्या कपातीबद्दल मात्र मी साशंक आहे. पॅथॉलॉजी आणि फार्माकॉलॉजी हे दोन विषय मी सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत वापरतो. कोविडमुळे 2020 च्या तुकडीचं कॉलेज फेब्रुवारी 2021 मध्ये सुरू झालं आणि पुढची वर्षं आणखी आवळली गेली. त्या तुकडीतली पोरं इंटर्न म्हणून आली तेव्हा औषधांची नावं त्यांना तोंडपाठ होती, पण क्रिएटिनिन चारवर, म्हणजे किडनी थकलेल्या आजोबांना गुडघेदुखीसाठी कुठली गोळी द्यायची नाही असं विचारलं की हात मोबाइलकडे जायचा. आता यात कोर्स आवळल्याचा दोष किती आणि ऑनलाइन लेक्चरचा किती, हे वेगळं करून सांगता येत नाही. आणि खरं सांगायचं तर आम्हाला मोबाइल मिळाला असता तर आम्हीही काढलाच असता.

मग कापायचं कुठे? माझ्या मते आधी पुनरुक्तीत. क्षयरोगाचंच घ्या. मायक्रोबायोलॉजीवाले जंतू शिकवतात, पॅथॉलॉजीवाले गाठ शिकवतात, फार्माकॉलॉजीवाले औषधं, पी.एस.एम.वाले, म्हणजे सार्वजनिक आरोग्यवाले, राष्ट्रीय कार्यक्रम आणि मेडिसिनवाले आजार. पाच विभाग, पाच वेळापत्रकं. प्रत्येक जण पहिली वीस मिनिटं तोच इतिहास सांगतो. 2017 च्या सुमाराला सरकारी कार्यक्रमात आठवड्यातून तीनदा द्यायच्या गोळ्या बंद होऊन रोजच्या गोळ्या आल्या, तर पुढची काही वर्षं एकाच वर्गातल्या मुलांना एका विभागात जुनी पद्धत आणि दुसऱ्यात नवी ऐकायला मिळत होती. परीक्षेला कुठली लिहायची, असं एका मुलीनं मला विचारलं होतं. मी म्हटलं, पेपर कोण काढतंय ते बघ. हसण्यावारी नेलं, पण मनाला लागलं.

नव्या अभ्यासक्रमात यावर उपाय लिहिलेला आहे. एक विषय सगळ्या विभागांनी एकाच वेळी, एकमेकांशी जोडून शिकवायचा. पहिल्या वर्षापासूनच मुलांना पेशंटसमोर न्यायचं, पेशंटशी बोलायचं कसं हे वेगळं शिकवायचं, प्रत्येक मुलानं गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवायचं. कागदावर मला हे सगळं आवडलं. पण त्यात अडीच हजारांहून जास्त 'कॉम्पिटन्सी' मोजून लिहिल्यात आणि त्यातल्या ठरावीक करून दाखवल्या की लॉगबुकात सही. टर्म संपायच्या आदल्या संध्याकाळी माझ्या टेबलावर लॉगबुकांची चळत यायची. मुलगा समोर उभा, त्यानं ते केलेलं मला आठवतंय का, तर नाही. तो म्हणतो केलंय. सही केली नाही तर त्याची टर्म जाते. मी सह्या केल्यात, गुरुजी. तुमच्याकडे शाळेत कागद कसे भरतात ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुम्हाला सांगायला लाज वाटत नाही.

आता न कापण्यासारखं काय, ते एका पेशंटवरून सांगतो. काही वर्षांपूर्वीची जुलैतली गोष्ट. पहाटे पाचच्या सुमाराला जतकडच्या एका शेतमजुराला कॅज्युअल्टीत आणलं. वय तिशीतलं, पोटात दुखतंय, घसा आवळल्यासारखा वाटतोय, एकदा उलटी. ड्युटीवरचा इंटर्न हुशार, पी.जी.च्या सराव परीक्षेत वरच्या नंबरात येणारा. त्यानं पोट दाबून बघितलं, मऊ होतं. केस पेपरवर 'गॅस्ट्रायटिस' लिहिलं, पॅन्टोप्राझोलचं इंजेक्शन दिलं आणि सकाळी ओपीडीत दाखवा म्हणाला. सलाइन बदलायला आलेल्या सिस्टर थांबल्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, ह्याचे डोळे झोपेचे नाहीत." पापण्या अर्ध्या खाली आल्या होत्या आणि वर बघ म्हटलं तरी उचलत नव्हत्या. मला फोन आला. मी पोचेपर्यंत मान धरवत नव्हती. अंगावर दाताची खूण कुठेच नाही, सूज नाही. बायकोला विचारलं, रात्री कुठे झोपला होता? पत्र्याच्या शेडमध्ये, खाली, पोत्यावर. मण्यार. सापाच्या विषावरची लस सुरू केली, श्वासाची नळी घातली, तीन दिवस व्हेंटिलेटरवर ठेवला. तो चालत घरी गेला.

नंतर मी त्या इंटर्नला चहाला घेऊन गेलो. रागवायचं नव्हतंच, कारण त्याच्या वयात माझ्या हातून याहून वाईट झालंय. त्याला मण्यारीबद्दल विचारलं. त्यानं धडाधड सांगितलं: रात्री चावते, झोपलेल्याला चावते, खूण दिसत नाही, पोटदुखीनं सुरुवात होते, पापण्या पडतात, श्वास थांबतो. एक शब्द चुकला नाही. म्हटलं, मग? तो म्हणाला, "सर, प्रश्नात 'जमिनीवर झोपलेला मजूर' असं लिहिलेलंच असतं. इथं ते मलाच विचारायचं होतं."

माझं सगळं म्हणणं त्या पोराच्या या वाक्यात आहे. पुस्तकातली माहिती चार काय, तीन वर्षांतही डोक्यात भरता येईल, आजची पोरं आमच्यापेक्षा वेगानं भरतात. पण जुलैत पहाटे पोट दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला झोपला कुठे होतास असं विचारायचं सुचणं, हे किती पेशंट हाताखालून गेले त्यावर ठरतं. त्याला शॉर्टकट मला तरी सापडलेला नाही.

आणि नेमकं तिथेच आपण मुलांना कमी देतोय. आमच्या वेळी एका खाटेभोवती आठ-नऊ मुलं असायची. आता कॉलेजांच्या जागा शंभराच्या दीडशे, कुठे दोनशे झाल्या, खाटा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. नऊ ते बारा पोस्टिंग, एका पेशंटभोवती पंचवीस-तीस मुलं. वाढलेली प्लीहा हाताला लागते कशी हे तीस जणांनी एकाच माणसाच्या पोटावर शिकायचं म्हटलं तर पाचव्या मुलाला तो पेशंट कूस बदलतो, आणि त्याचं बरोबरच आहे. मागच्या रांगेतली मुलं मग मोबाइलवर क्लासचा व्हिडिओ बघतात. त्यांना नावं ठेवायला मला जमत नाही. उभं राहून काही दिसतच नसेल तर पोर काय करणार?

त्यात इंटर्नशिप. हे पूर्ण वर्ष कामाचं, जबाबदारी अंगावर घेऊन शिकायचं. पण पुढे नीट पी.जी. उभी असते: दोनशे प्रश्न, साडेतीन तास, आयुष्याची दिशा. त्यामुळे इंटर्न सकाळी सही करून लायब्ररीत जातो. काही विभाग त्याला सोडतात, काही त्याला रक्ताच्या बाटल्या आणि रिपोर्ट पोचवायला वापरतात. दोन्हीकडून शिकण्याचं वर्ष गेलं. तुम्ही साडेपाचाचे चार केलेत आणि ही परीक्षा अशीच ठेवलीत, तर कात्री पुन्हा वॉर्डावरच चालेल, कारण लेक्चर हॉलला वकील बरेच असतात आणि खाटेला कोणीच नसतो.

मला विचाराल तर लेक्चरमधून पाच-सहा महिने खुशाल काढावेत आणि ते इंटर्नशिपला जोडावेत. पी.जी.ची परीक्षा इंटर्नशिप सुरू व्हायच्या आधी घेऊन मोकळं व्हावं. बेरीज साडेपाचच राहील. हे मत माझ्या बरोबरीच्या पुष्कळ जणांना पटत नाही. त्यांचं म्हणणं, पी.जी.ला जागा मिळाली की इंटर्न मेडिसिनच्या वॉर्डात फिरकणार नाही, तो थेट आपल्या आवडीच्या विभागात जाऊन बसेल. यात तथ्य आहे. पण निदान कुठल्या तरी वॉर्डात बसेल.

"परदेशात तीन वर्षांत डॉक्टर करतात" हेही ऐकायला मिळतं. कॅनडातल्या मॅकमास्टर आणि कॅल्गरी या विद्यापीठांत वैद्यकीय पदवी तीन वर्षांची आहे, अमेरिकेतही काही कॉलेजांनी तसा पर्याय दिलाय. पण तिथे बहुतेक मुलं आधी एक पदवी घेऊन येतात, वर्षातले जवळपास सगळे महिने कॉलेज चालतं, आणि पदवी मिळाली तरी पुढची दोन-तीन वर्षं देखरेखीखाली काम केल्याशिवाय स्वतंत्र दवाखाना टाकता येत नाही. इंग्लंडमध्ये बारावीनंतर पाच वर्षं आणि मग दोन वर्षं तशीच. आपल्याकडे सतराव्या-अठराव्या वर्षी आलेलं पोर साडेपाच वर्षांनी पाटी लावून एकटं बसू शकतं. तुलना करायची तर ही बाजूही मोजायला हवी.

आता तुमच्या मुलीच्या वर्षांबद्दल. अठराव्या वर्षी प्रवेश मिळाला तर साडेतेविसाव्या वर्षी इंटर्नशिप संपते, पी.जी. लगेच मिळालं तर सव्वीस-सत्ताविसाव्या वर्षी स्पेशालिस्ट. हिशेबात तिशी येत नाही, प्रत्यक्षात येते. मधली वर्षं जातात कुठे? एक-दोन वर्षं बारावीनंतर नीट रिपीट करण्यात, एक-दोन पी.जी.साठी ड्रॉप घेण्यात, आणि उरलेली वाट बघण्यात. 2021 ची नीट पी.जी. एप्रिलमध्ये व्हायची होती, ती सप्टेंबरमध्ये झाली आणि कौन्सेलिंग जानेवारी 2022 मध्ये सुरू झालं. शिकून तयार झालेली पोरं वर्षभर घरी बसली आणि वॉर्डात रेसिडेंटची एक अख्खी तुकडी कमी. त्यात कोविडचा भाग होता हे मान्य, पण तारखा पुढे जाणं त्यानंतरही थांबलेलं नाही. अभ्यासक्रमाला हात न लावता, नुसत्या परीक्षा आणि प्रवेश वेळेवर झाले तरी मुलांचे कित्येक महिने वाचतील. यावर कोणी मोर्चा काढत नाही. सरकारी कॉलेज मिळालं तर एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड आहे, तोही धरून चाला. तो मला वाया गेलेला वाटत नाही, पण ते कुठे नेमणूक मिळते त्यावर आहे.

आणि तुमच्या पी.एच.सी.ची खुर्ची. कमी शिकलेला डॉक्टर खेड्यात राहील ही कल्पना नवी नाही. स्वातंत्र्याआधी एल.सी.पी.एस., एल.एम.पी. असे छोट्या कोर्सचे लायसेन्शिएट डॉक्टर होते, त्यांची संख्या पदवीधरांपेक्षा जास्त होती. आमच्या गावच्या बाजारपेठेतही असे एक म्हातारे डॉक्टर होते, बाळंतपणापासून गळवापर्यंत सगळं करायचे. आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या 1946 च्या भोर समितीनं ही दुय्यम पदवी बंद करून एकच 'बेसिक डॉक्टर' असावा असं सुचवलं, तेव्हा समितीतल्याच काही सदस्यांनी विरोध नोंदवला होता, की मग खेडी बघणार कोण? तो प्रश्न तुम्ही आज माणमधून पुन्हा विचारताय. मधल्या काळात छत्तीसगडनं 2001 मध्ये तीन वर्षांचा कोर्स काढला, काही वर्षांत बंद केला. आसामनं तसा डिप्लोमा काढला, त्याचा कायदा आधी हायकोर्टानं आणि जानेवारी 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द ठरवला. गंमत अशी की छत्तीसगडमध्ये त्या तीन वर्षांच्या कोर्समधून तयार झालेल्या सहायकांची आणि एम.बी.बी.एस. डॉक्टरांची तुलना झाली तेव्हा नेहमीच्या प्राथमिक आजारांत सहायक मागे पडले नाहीत. हे आमच्या संघटनेतल्या लोकांना सांगितलं की चेहरे उतरतात, पण आहे ते आहे. आपल्याकडेही 108 च्या गाडीत, उपकेंद्रावर आणि कितीतरी पी.एच.सी.त बी.ए.एम.एस., म्हणजे आयुर्वेदाचे डॉक्टरच गाडा ओढतायत.

म्हणून छोट्या कोर्सचा वेगळा आरोग्यसेवक तयार करायला माझा विरोध नाही. काय करायचं आणि काय बघताक्षणी पुढे पाठवायचं याची हद्द त्याला ठरवून द्यावी, वर फोन उचलणारा डॉक्टर असावा. त्यासाठी एम.बी.बी.एस.चे साडेपाचाचे चार करायची गरज नाही. चार वर्षांत झालेला एम.बी.बी.एस. तुमच्या गावात का थांबेल? माझा एक विद्यार्थी आपल्याच भागातल्या दुष्काळी तालुक्यात पी.एच.सी.वर होता, मनानं गेलेला. अकरा महिन्यांची ऑर्डर, क्वार्टरच्या छतातून पाणी, दुसरं पद रिकामं म्हणून चोवीस तास एकटा, रात्री बाळंतपण, सकाळी शवविच्छेदन, दुपारी मीटिंगला तालुक्याला. बायकोला नोकरी नाही, मुलाला शाळा नाही. दुसऱ्या ऑर्डरनंतर त्यानं सोडलं. त्याचा कोर्स दीड वर्षानं कमी असता तर त्यानं दीड वर्ष आधी सोडलं असतं.

थोडक्यात, तासांची पुनरुक्ती कापा, खाटेजवळचा वेळ वाढवा, परीक्षा वेळेवर घ्या, आणि पी.एच.सी.चा प्रश्न पगार, क्वार्टर आणि सोबतीला दुसरा डॉक्टर यांनी सोडवा. शेवटचं तुमच्या-माझ्या हातात नाही, ग्रामपंचायतीच्या थोडंफार आहे. क्वार्टरची डागडुजी झाली, म्हणून डॉक्टर टिकला, अशी गावं मी बघितली आहेत.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे. मुलीला मार्क पडले आणि दोन-तीन कॉलेजांतून निवडायची वेळ आली, तर इमारत आणि हॉस्टेल बघून परत फिरू नका. सकाळी दहा वाजता मेडिसिनच्या वॉर्डात जा आणि एका खाटेभोवती किती मुलं उभी आहेत ते मोजा, खाटांवर माणसं आहेत की नुसत्या चादरी तेही बघा. वॉचमन आत सोडत नसेल तर कँटीनमध्ये बसा. गळ्यात स्टेथोस्कोप आणि डोळ्यांत झोप असलेला एखादा इंटर्न दिसेलच. त्याला चहा सांगा आणि विचारा, काल रात्री कॅज्युअल्टीत पेशंट तू बघितलास का नुसते कागद भरलेस?